मधले वीस फूट

रबीउल अव्वलमध्ये भिवंडीहून एका बहिणीचे पत्र आले. चार पानांचे. त्यातली तीन पाने भावाच्या जेवणाबद्दल होती, आणि आम्हाला हवी असलेली सगळी माहिती त्या तीन पानांतच होती.

भाऊ चोवीस वर्षांचा. घरचे आठ माग आहेत. अब्बा थकले तसा कारखाना तोच बघू लागला. वर्षापूर्वी वजन ६१ किलो होते, पत्र लिहिले तेव्हा ४८. जेवला की तासाभरात बेंबीभोवती कळ सुरू होते. पोटात गुरगुर वाजते. उजव्या बाजूला, खाली, एक गोळा वर आल्यासारखा दिसतो. मग हवा सरकल्याचा आवाज होतो आणि गोळा बसतो, कळही थांबते. हळूहळू तो जेवणालाच भिऊ लागला. अम्मीने केलेली बिर्याणी पुढे आली की दोन घास खातो आणि कारखान्यात काम आहे म्हणून उठतो. संध्याकाळी अंगात कणकण असते, पण मागाच्या शेडमध्ये उकाडाच इतका की ती कोणी मोजली नाही.

आठ महिने ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. नंतर तोंडातून दुर्बीण घालून तपासले, रिपोर्ट नॉर्मल. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मग निदान घरातच होऊ लागले. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले ठरलेले लग्न मोडले त्याचे मनाला लावून घेतले आहे. दम करून आणले, पाणी पढून दिले. भाऊ झिजतच गेला. शेवटी एका ठिकाणी सांगितले की कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळावी लागेल, ती सगळे आतडे दाखवते. खर्च ऐकून घर गप्प झाले. पत्राची शेवटची ओळ एवढीच होती: अम्मीच्या बांगड्या विकाव्यात का?

बहिणीच्या परवानगीने हे लिहीत आहोत. नाव, मोहल्ला, ओळख पटेल असे काही देत नाही.

आम्ही पोटाचे तज्ज्ञ नाही, फॅमिली डॉक्टर आहोत. पण पत्र वाचून त्याच दिवशी फोन केला आणि सांगितले की या आठवड्यात बांगड्या विकू नका, आणि मुख्य म्हणजे कॅप्सूल गिळू नका. आधी दोन तपासण्या करा. त्या गोळ्याने आम्हाला घाबरवले होते. जेवणानंतर कळ, गोळा उठणे, आवाज होऊन गोळा बसणे, हे आतड्यात कुठेतरी वाट चिंचोळी झाल्याचे लक्षण असू शकते. नळीला एका जागी दोरा आवळल्यासारखे. मागून अन्न ढकलले जाते, पुढे जागा नसते, आतडे फुगते, शेवटी ते रेटून पुढे जाते. पातळ पेज जाते, भाकरी अडते. तेवढ्या जागेतून अकरा मिलिमीटर जाडीची कॅप्सूल कशी जाणार?

आता हे नीट सांगायला हवे, कारण बहुतेक घरांत दुर्बिणीचा रिपोर्ट नॉर्मल आला की विषय संपतो. खरे सांगायचे तर आम्हीही पूर्वी असा रिपोर्ट बघून पेशंटला निर्धास्त घरी पाठवले आहे.

तोंडापासून खाली मोजत जा. अन्ननलिका, जठर, आणि जठराच्या पुढे लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण इथपर्यंत पोहोचते आणि थांबते. खालून घालतात ती दुसरी दुर्बीण, तिला कोलोनोस्कोपी म्हणतात. ती सगळे मोठे आतडे बघते आणि तज्ज्ञाने मनावर घेतले तर लहान आतड्याच्या शेवटच्या काही इंचांत डोकावते. या दोहोंच्या मध्ये जे उरते ते लहान आतडे, साधारण सहा मीटर, म्हणजे वीस फूट. वेटोळी घालून पोटात बसलेले, सारखे हलणारे. अन्नातले सत्त्व अंगी लागते ते इथेच. आणि पन्नास-साठ वर्षे दुर्बिणीचे तंत्र सुधारत असताना हेच वीस फूट डॉक्टरांच्या नजरेआड राहिले. बेरियम पाजून एक्स-रे काढायचा, सावल्या बघून अंदाज बांधायचा, नाहीतर पोट उघडायचे. म्हणून वरची दुर्बीण नॉर्मल याचा अर्थ एवढाच की जठरापर्यंत आणि थोडे पुढे ठीक आहे. भावाचे दुखणे त्याच्या बरेच खाली होते.

हे वीस फूट उघडले ते नव्या शतकाच्या तोंडावर, आणि दोन वेगळ्या वाटांनी. पहिली वाट कॅप्सूलची. इस्रायली अभियंते गॅव्रिएल इद्दान आणि लंडनचे डॉ. पॉल स्वेन यांच्या कामातून ती तयार झाली आणि २००१ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. २६ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर जाड, चार ग्रॅमहून हलकी. आत कॅमेरा, दिवे, बॅटरी आणि फोटो बाहेर पाठवणारे छोटे यंत्र. कमरेला पट्टा बांधतात, त्यात फोटो साठत जातात. सेकंदाला दोन या वेगाने आठ तासांत पन्नास हजारांहून जास्त. कॅप्सूल संडासातून पडून जाते, ती परत द्यायची नसते. त्रास काही नाही. म्हणून लोकांना ती आवडते, आणि दवाखान्यांनाही आवडते.

पण ती फक्त बघते. थांबत नाही, मागे वळत नाही, तुकडा काढत नाही. लाल व्रण दिसला तर तो व्रण कशाचा हे ती सांगू शकत नाही, आणि आपल्याकडे प्रश्न नेमका तोच असतो. शिवाय ती अडकू शकते. सरसकट पेशंट धरले तर शंभरात एक-दोघांची अडकते. आतडे आधीच आवळलेले असेल तर धोका बराच वाढतो. अडकलेली कॅप्सूल काढायला मग मोठी दुर्बीण, नाहीतर ऑपरेशन. शंका असेल तर काही ठिकाणी आधी त्याच मापाची, पोटात विरघळणारी नकली कॅप्सूल देऊन वाट मोकळी आहे का ते बघतात. ती सगळीकडे मिळत नाही. म्हणून गोळा उठतो, उलटी होते, पोट फुगते असे सांगणाऱ्या पेशंटचा आधी सीटी स्कॅन करावा हा नियम आहे. सीटीच्या आधी दीड लिटरच्या आसपास पाणी किंवा औषधी द्रव पाजतात, त्याने आतडे फुगते आणि भिंत जाड कुठे, वाट बारीक कुठे ते दिसते. याला सीटी एंटेरोग्राफी म्हणतात. चिठ्ठीवर नुसते सीटी लिहिले असेल तर विचारा.

मग कॅप्सूल कोणासाठी? ज्याला पोटदुखी नाही, आतडे आवळल्याची चिन्हे नाहीत, पण रक्त कुठेतरी जाते आहे. हिमोग्लोबिन सारखे उतरते, लोहाच्या गोळ्या संपतात आणि ते पुन्हा सात-आठवर येते. वरून-खालून दोन्ही दुर्बिणी झाल्या, काही सापडले नाही. अशा पेशंटमध्ये ती खूप कामाची आहे. आपल्या घरांतल्या बायकांचे हिमोग्लोबिन कमी असले की पाळीवर ढकलून मोकळे होतात. पाळी बंद होऊन दहा वर्षे झालेल्या आजीलाही तेच सांगितलेले आम्ही ऐकले आहे. आणि मागावर बारा तास उभे राहून पाय दुखतात म्हणून रोज मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी आणणारे कामगार भिवंडीत किती असतील! त्या गोळ्यांनी जठरात व्रण होतो हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. लहान आतड्यातही व्रण होतात, रक्त पाझरते, आणि वर्षानुवर्षे गोळ्या खाल्ल्या तर आत पडदे धरून वाट बारीक होते, हे मात्र कोणी सांगत नाही.

दुसरी वाट जपानची. जिची मेडिकल युनिव्हर्सिटीतले डॉ. हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ मध्ये दोन फुग्यांची दुर्बीण प्रसिद्ध केली. दुर्बीण दोन मीटरची, तिच्यावर एक बाहेरची नळी. दोघींच्या टोकाला एकेक मऊ फुगा. सहा मीटरचे आतडे दोन मीटरच्या दुर्बिणीने कसे बघायचे? सलवारीत नाडी ओवताना काय होते ते आठवा. पिन पुढे सरकते आणि कापड मागे चुण्या पडून गोळा होते. वीतभर पिन दीड मीटरच्या घेरातून जाते ती अशीच. इथेही एक फुगा आतड्याला धरून ठेवतो, दुर्बीण पुढे जाते, मग दुसरा फुगा धरतो आणि आतडे मागे ओढून नळीवर चुण्यांसारखे जमा करतात. असे पुन्हा पुन्हा. गरजेप्रमाणे तोंडातून जातात किंवा खालून. पूर्ण बघायचे असेल तर एका बाजूने जिथवर पोहोचले तिथे शाईचा ठिपका ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूने त्या ठिपक्यापर्यंत येतात. तास-दोन तास लागतात, भूल किंवा गुंगी द्यावी लागते. आतड्याला भोक पडणे, तोंडातून गेल्यास स्वादुपिंडाला सूज येणे, असे धोके आहेत. थोडे आहेत, पण आहेत, आणि सही घेताना ते सांगायला हवेत.

या दुर्बिणीला मात्र हात आहेत. ती तुकडा काढते, वाहणारी रक्तवाहिनी डागून बंद करते, क्लिप लावते, मस काढते, आवळलेली जागा फुग्याने रुंद करते, अडकलेली कॅप्सूलही धरून बाहेर आणते. पूर्वी यातल्या प्रत्येकासाठी पोट फाडावे लागे.

परत भिवंडीच्या भावाकडे येऊ. पोटाचे विकार बघणारा स्वतंत्र विभाग मुंबईत परळच्या के.ई.एम.मध्ये आहे, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, नायरमध्ये आणि जे.जे.मध्येही आहे. भिवंडीकरांना हे नवे नाही. पहाटे उठून ठाण्याला किंवा कल्याणला जायचे, तिथून लोकल. भाऊ अशाच एका रुग्णालयात गेला. बाह्यरुग्ण विभागाची रांग, कागद, पुन्हा रांग. सीटीची तारीख दोन आठवड्यांनी मिळाली. बहिणीने फोनवर तक्रार केली की बाहेर पैसे भरून उद्या होईल. आम्ही म्हणालो, करा, सीटी बाहेर करून घ्या, रिपोर्ट आणि फिल्म घेऊन त्याच विभागात परत जा. पैसे खर्चायचेच तर जिथे वेळ वाचतो तिथे खर्चावेत.

सीटीत दिसले ते असे. लहान आतड्याचा शेवट जिथे मोठ्या आतड्याला मिळतो तिथली भिंत जाड, शेजारी गाठी वाढलेल्या, आणि त्याच्या जरा वर एक जागा आवळलेली. कॅप्सूल तिथे बसली असती.

मग कोलोनोस्कोपी. दोन फुग्यांची दुर्बीण लागलीच नाही, कारण रोग शेवटच्या टोकालाही होता आणि नेहमीची दुर्बीण तिथवर पोहोचली. व्रण दिसले. आठ तुकडे काढले. काही तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी आणि काही क्षयाचे जंतू शोधण्यासाठी वेगळ्या बाटलीत. ही दुसरी बाटली महत्त्वाची. सगळे तुकडे फॉर्मालिनच्या बाटलीत टाकले तर जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. तपासणीच्या आधी डॉक्टरांना विचारायला हरकत नाही की टीबीच्या तपासणीसाठी वेगळा तुकडा जाणार ना.

उत्तर आले, आतड्याचा क्षयरोग.

आम्हाला आश्चर्य वाटले नाही. फुप्फुसाचा टीबी सगळ्यांना माहीत आहे, खोकला, बेडका, रक्त. पोटाचा टीबी खोकत नाही. जंतू गिळले जाऊन किंवा रक्तातून आतड्यात येतात आणि त्यांना नेमका तोच शेवटचा कोपरा आवडतो. जिथे माणसे दाटीने राहतात, शेड बंद असते, पाळी संपली की त्याच खोलीत दुसऱ्या पाळीचे लोक झोपतात, जेवण बिस्सीत आणि तेही घाईत, तिथे टीबी असतोच. भिवंडी असे शहर आहे. मालकाचा मुलगा म्हणून जंतू वाट सोडत नाही, तोही त्याच शेडमध्ये दिवस काढतो.

इथे एक पेच आहे आणि तो तज्ज्ञांनाही सुटायला जड जातो. क्रोन्स नावाचा आतड्याचा दुसरा आजार अगदी असाच दिसतो. तेच ठिकाण, तसेच व्रण, तसेच आवळलेले आतडे. तो जंतूंचा आजार नाही, शरीराची संरक्षण यंत्रणाच आतड्यावर उलटते. त्यात ती यंत्रणा दाबणारी औषधे, स्टेरॉइड वगैरे, देतात. टीबीच्या पेशंटला चुकून ती दिली तर जंतूंना रान मोकळे. उलट क्रोन्सच्या पेशंटला टीबीचा कोर्स दिला तर सहा महिने फुकट जातात आणि आतडे तोवर आणखी आवळते. तुकडा काढायचा तो यासाठी. तुकड्यातही दर वेळी जंतू सापडतातच असे नाही, आतड्याच्या टीबीत ते थोडे असतात आणि जीन तपासणीही बऱ्याचदा निगेटिव्ह येते. तेव्हा डॉक्टर सगळे चित्र जुळवून टीबीचे औषध सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून बघतात. व्रण भरले तर निदान बरोबर. म्हणून दुसऱ्यांदा दुर्बिणीला बोलावले तर पैसे काढतात असे समजून जायचे टाळू नका.

जमादिल अव्वलमध्ये औषध सुरू झाले. सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून गोळ्या मोफत मिळतात, वजनाप्रमाणे, रोज एकदाच. पोटाच्या टीबीला सहा महिने. पूर्वी नऊ महिने, वर्षभर देत. भारतातच झालेल्या अभ्यासातून सहा महिने पुरतात असे दिसले आणि २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ते आले. काही पेशंटना डॉक्टर जास्त काळ देतात, तो त्यांचा निर्णय. निक्षय पोषण योजनेत आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये बँक खात्यात येतात, आधी ५०० होते. खाजगी डॉक्टरकडे औषध चालू असले तरी नोंदणी झाली तर हे मिळते. आपल्याकडे लोक नोंदणी टाळतात, मोहल्ल्यात कळेल, लग्न मोडेल म्हणून. या भावाचे तर आधीच मोडले होते.

लाज बाळगण्यासारखे यात काही नाही, आणि एक गोष्ट घरातल्या सर्वांनी ऐकावी. फक्त पोटाचा टीबी असेल तर तो ताटातून, पेल्यातून, श्वासातून दुसऱ्याला होत नाही. छातीचा एक्स-रे मात्र काढायचाच, कारण काहींना दोन्हीकडे असतो. भावाचा एक्स-रे साफ होता. तरी पहिला महिनाभर अम्मीने त्याचे ताट वेगळे ठेवले. बहिणीने सांगूनही ऐकले नाही. शेवटी त्यानेच एका शुक्रवारी सगळ्यांच्या थाळ्यात हात घातला.

आता काही प्रश्न, जे आम्हाला या निमित्ताने अनेक घरांतून विचारले गेले.

कॅमेऱ्याच्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते का? नाही, ते न विरघळणारे प्लॅस्टिक असते. टीबीच्या सरकारी एकत्रित गोळ्या टॅबलेट असतात. सुटी रिफाम्पिसिन बाहेरून घेतली तर ती बहुधा कॅप्सूलमध्ये मिळते. तिच्याबद्दल शंका असेल तर औषध बंद करू नका, डॉक्टरांना बदलून मागा आणि आपल्या आलिमांना विचारा.

लघवी नारिंगी-लाल होते, रक्त आहे का? नाही, तो रिफाम्पिसिनचा रंग. घाम, अश्रूही रंगतात. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, किंवा लाल-हिरवा रंग ओळखेना झाला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे.

पर्द्याचे काय? हा प्रश्न बायका स्वतः विचारत नाहीत, नवऱ्याकरवी विचारतात किंवा विचारतच नाहीत आणि खालून होणारी तपासणी टाळतात. आमच्या ओळखीतली एक खाला दोन वर्षे अशी टाळत राहिली. कोलोनोस्कोपीसाठी मागून उघडणारा झगा किंवा तशी पँट देतात, वर चादर असते, गुंगीचे औषध असते. स्त्री डॉक्टर मिळाली तर उत्तम, तारीख घेतानाच मागावी. नाहीच मिळाली तर स्त्री परिचारिका खोलीत असणे हा पेशंटचा हक्क आहे. इलाजाच्या गरजेपुरती मोकळीक आहे हे आपले आलिमही सांगतात. सगळ्यात त्रासाचे काय असते विचाराल तर दुर्बीण नव्हे, आदल्या रात्रीचे पोट साफ करायचे औषध. दोन लिटर, कधी जास्तही, खारट पाणी. लिंबाची सरबते पिणाऱ्यांनाही ते जात नाही. थंड करून, थांबून थांबून प्यावे. अर्धे टाकून दिले तर आत काही दिसत नाही आणि सगळे पुन्हा करावे लागते.

कॅप्सूलच्या दिवशी नमाज? पट्टा हलू नये म्हणून वाकायला, जोराची हालचाल करायला मनाई असते. त्या दिवशी बसून इशाऱ्याने अदा करण्याविषयी आलिमांना विचारून ठेवा. कॅप्सूल पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नका, हे लक्षात ठेवा.

रोजा? शाबान सुरू आहे, त्यामुळे या महिन्यात हाच प्रश्न सर्वांत जास्त आला. तपासणीची तारीख पुढे ढकलण्याजोगी असेल तर ईदनंतरची घ्यावी. नसेल तर आजाऱ्याला सवलत आहे आणि रोजा नंतर कजा करता येतो. टीबीची गोळी दिवसातून एकदाच, त्यामुळे ती सहरी किंवा इफ्तारच्या वेळी बसवता येते असे पुष्कळांना वाटते, आणि वजन सावरलेल्या, धडधाकट पेशंटला डॉक्टर तशी परवानगी देतातही. पण ज्याचे आतडे आवळलेले आहे त्याने दिवसभर उपाशी राहून इफ्तारला एकदम पोटभर खाणे म्हणजे अडथळ्याला बोलावणे. खजूर, भजी, हलीम, वर गटागटा पाणी. ईदच्या आसपास पोट बंद होऊन आलेले पेशंट आम्ही बघितले आहेत.

एक गोष्ट कारखानदार वाचकांसाठी. भावाचे निदान झाल्यावर त्याने आपल्या शेडमधल्या कामगारांकडे जरा वेगळ्या नजरेने बघितले. एकजण बिस्सीतले जेवण अर्धे टाकून उठायचा, त्याची पँट दोरीने बांधलेली असायची. भावाने त्याला स्वतः तपासणीला नेले. अशा कामगाराची खरी अडचण निदानानंतर येते. ईदला तो मुलुखाला जातो आणि गोळ्या तुटतात. निक्षयचा नंबर देशभर चालतो. जाण्याआधी केंद्रात सांगितले तर औषध त्याच्या गावच्या सरकारी केंद्रात मिळण्याची सोय करता येते. तो नंबर मालकाच्या वहीत पगाराशेजारी लिहिलेला असावा.

रजबमध्ये बहिणीचे दुसरे पत्र आले, दीड पानाचे. वजन ५५ किलो झाले आहे. संध्याकाळची कणकण गेली. दुसरी दुर्बीण झाली, व्रण भरत आले आहेत. आवळलेली जागा मात्र अजून थोडी आवळलेलीच आहे. असे होते. जंतू मरतात पण जखम भरताना वण आकसतो, आणि सगळ्या जागा औषधाने मोकळ्या होत नाहीत. सहा महिने शव्वालमध्ये पूर्ण होतील. मग पुन्हा सीटी. तेव्हाही जागा बारीक राहिली आणि ती लहान, सरळ असेल तर दुर्बिणीतून फुगा नेऊन हळूहळू रुंद करायची, लांब किंवा वाकडी असेल तर शस्त्रक्रियेचा विचार, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. खर्चाचे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून ठेवा असे आम्ही कळवले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते कागद बघून तोच सांगू शकेल.

या रमजानला रोजे नकोत असे डॉक्टर म्हणाले. भावाला ते लागले. तरावीहला उभे राहायला हरकत नाही ना, असे त्याने बहिणीकडून लिहून विचारले आहे. आम्ही उत्तर धाडले की जमेल तितके उभे राहा, दमलात तर बसा, आणि रात्रीची गोळी विसरू नका.

अम्मीच्या बांगड्या अजून हातातच आहेत.